मुंबई ते कोल्हापूर मोटरसायकलने: दिवसभराच्या लांब प्रवासाची आखणी

मोटरसायकलवरून दिवसभराचा लांबचा प्रवास ठरवताना बहुतेक जण आधी किलोमीटर मोजतात. त्याऐवजी आधी उजेड मोजावा, असे मी आग्रहाने सांगेन. महामार्गावर दुचाकीस्वाराला घातक ठरणाऱ्या बहुतेक गोष्टी, म्हणजे मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, कडेला बंद पडलेला ट्रक, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, दुभाजकाच्या फटीतून रस्त्यावर आलेले जनावर किंवा डांबर उखडून झालेला खड्डा, या दिवसा दुरून दिसतात. रात्री मात्र त्या आपल्या दिव्याच्या झोतात येईपर्यंत त्यांना टाळण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्कामी पोहोचायचे हे प्रथम पक्के करावे आणि तेथून उलटा हिशेब करत सकाळी निघण्याच्या वेळेपर्यंत यावे.

हा हिशेब कसा करायचा ते पाहण्यासाठी मुंबई ते कोल्हापूर हा मार्ग घेऊ. पहिल्या लांब प्रवासासाठी मला तोच सर्वांत योग्य वाटतो, कारण जवळजवळ सगळा रस्ता दुभाजकाचा आहे, पेट्रोल पंप ठिकठिकाणी आहेत आणि पनवेल, लोणावळा, पुणे, सातारा, कराड अशी गावे ओळीने लागत असल्यामुळे गाडी बिघडली तर मेकॅनिक मिळतो व शरीर थकले तर मुक्कामही करता येतो. अंतर सुमारे ३८० किलोमीटर आहे. चहा, नाश्ता, जेवण, पेट्रोल आणि शहरांतील कोंडी धरून सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटरपेक्षा जास्त धरू नये; म्हणजे साडेआठ तास लागतात. डिसेंबरात कोल्हापूरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चारपर्यंत पोहोचायचे, आणि त्यासाठी कागदावर साडेसातला निघाले तरी चालेल असे दिसते. प्रत्यक्षात साडेसातला सायन-पनवेल रस्ता भरून वाहत असतो, आणि पंक्चर किंवा रस्त्याच्या कामामुळे जाणारा तासभर कोणत्याही हिशेबात बसत नाही. त्यामुळे दादरहून पावणेसहाच्या सुमारास निघावे. तोवर अंधार असतो खरा, पण पनवेलपर्यंतचा रस्ता बराचसा दिव्यांचा आहे आणि तो संपता संपता उजाडू लागते. अंधाराचा वाटा शहराच्या दिव्यांखालीच संपवावा, हे या आखणीतील मुख्य सूत्र आहे.

मुंबईतून बाहेर पडताना कोणते रस्ते आपले नाहीत हे आधीच माहीत असले पाहिजे, कारण फोनवरील नकाशा चारचाकीच्या सेटिंगवर राहिला तर तो नेमका त्याच रस्त्यांवर नेतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू, सागरी किनारा मार्ग आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू या तिन्हींवर दुचाकींना बंदी आहे. यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवरही दुचाकी चालत नाही. म्हणून वाशीचा खाडीपूल ओलांडून बेलापूर, खारघर, कळंबोली असे गेल्यावर द्रुतगती मार्गाकडे जाणारा फाटा सोडून पनवेलकडे वळावे आणि चौक, खालापूर, खोपोलीवरून जाणारा जुना महामार्ग धरावा. राष्ट्रीय महामार्गावरील टोलनाक्यांवर दुचाकींकडून टोल घेतला जात नाही, परंतु दुचाकींसाठी ठेवलेली अगदी डावीकडची अरुंद मार्गिका बहुधा वाळू, खडी आणि सांडलेल्या डिझेलने भरलेली असते, त्यामुळे तेथे वेग पूर्ण उतरवूनच शिरावे.

गाडीची तयारी आदल्या रात्री करण्याची सवय अनेकांना आहे आणि ती मोडली पाहिजे. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीचे शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, नवे ब्रेक पॅड नीट बसायलाही काही अंतर जावे लागते, आणि सर्व्हिसिंगमध्ये एखादा नट सैल राहिला असेल तर तो शहरातल्या दोन-चार दिवसांच्या वापरात लक्षात येतो. म्हणून मोठी कामे आठवडाभर आधी उरकून घ्यावीत आणि आदल्या संध्याकाळी फक्त तपासणी करावी. टायरमधील हवा गाडी थंड असतानाच मोजावी. किती हवा हवी तो आकडा गाडीवरील स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, आणि मागे माणूस किंवा जड सामान असेल तर मागच्या टायरसाठी त्यातला वेगळा, वाढीव आकडा घ्यावा. पंपावरील हवेचे यंत्र अनेकदा चुकीचे दाखवते, म्हणून खिशात मावणारे स्वतःचे मापक असणे चांगले. चेनचा ताण मागचे चाक फिरवत दोन-तीन ठिकाणी पाहावा, कारण झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असते. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या तारा, पुढचे-मागचे दिवे, हॉर्न व ब्रेकचे ऑइल यांकडे नजर टाकायला दहा मिनिटे पुरतात.

आपल्या चाकात ट्यूब आहे की टायर ट्यूबलेस आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. आऱ्यांची चाके असतील तर आत बहुधा ट्यूब असते, आणि अशी गाडी पंक्चर झाली की हवा झपाट्याने जाते व चाक खोलावे लागते; त्यामुळे योग्य मापाची ट्यूब सोबत असल्यास महामार्गावरचा कोणताही पंक्चरवाला काम करून देऊ शकतो. ट्यूबलेस टायरसाठी पंक्चरच्या भोकात भरायच्या चिकट दोऱ्यांचा संच आणि हातपंप किंवा छोटा कंप्रेसर पुरेसा आहे, मात्र तो वापरण्याचा सराव घरी एकदा करून पाहावा.

सामान पाठीवर घेऊ नये. पाठपिशवीचा भार पहिल्या तासात जाणवत नाही, पण दुपारपर्यंत खांदे आणि मान आखडतात आणि आखडलेल्या मानेने आरशात पाहणे कमी होते, हा त्यातला खरा धोका आहे. सामान सीटवर किंवा दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, शक्य तितके खाली आणि गाडीच्या मध्याजवळ, दोन्हीकडे सारख्या वजनाने बांधावे. बांधलेल्या पट्ट्यांची लोंबणारी टोके आवळून आत खोचावीत, कारण चेनमध्ये किंवा चाकात गेलेला पट्टा गाडी जागच्या जागी अडकवू शकतो. साडी, ओढणी किंवा रेनकोटचे लांब टोक यांनाही हीच काळजी लागू आहे.

हेल्मेटबद्दल तडजोड करू नये. कायद्याने ते चालकाला आणि मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे, आणि त्यावर आयएसआय चिन्ह असलेच पाहिजे. लांबच्या प्रवासासाठी संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घ्यावे आणि पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जेमतेम जातील इतका घट्ट असावा. काच पारदर्शक असावी. काळी काच दुपारी सुखाची वाटते, पण पुण्याजवळच्या कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरताना ती काही क्षण डोळ्यांपुढे अंधार करते. सांधे झाकणारे संरक्षक पॅड असलेले जॅकेट, हातमोजे, घोट्यापर्यंत येणारे बूट आणि जाड पँट हा पोशाख उन्हाळ्यातही टाळू नये. एप्रिल-मे महिन्यांत कराडच्या पुढे हवा शरीराच्या तापमानाहून गरम झाली की उघड्या अंगावर लागणारा वारा थंडावा देत नाही, उलट अंग तापवतो आणि घाम उडवून शरीरातले पाणी वेगाने कमी करतो. जाळीचे जॅकेट आणि आत भिजवलेला सुती सदरा हा त्यावरचा साधा आणि परिणामकारक उपाय आहे. कानांत फोमचे बोळे घालावेत. तासन्‌तास कानावर आदळणारा वाऱ्याचा आवाज ऐकण्याची क्षमता तर कमी करतोच, शिवाय थकवाही वाढवतो, आणि बोळे घातले तरी हॉर्न ऐकू येतो.

खोपोलीनंतर बोरघाट सुरू होतो. येथे जुना रस्ता द्रुतगती मार्गाच्या अगदी जवळून जातो, म्हणून दुचाकींसाठीचे फलक वाचूनच पुढे जावे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराच्या आठवणीतले शिंग्रोबाचे देऊळ याच जुन्या रस्त्यावर आहे. घाटात वळणाआधीच वेग आणि गिअर दोन्ही उतरवावेत, वळणात ब्रेक लावण्याची वेळ येऊ देऊ नये आणि नजर वळण जिथे संपते तिथे ठेवावी. गाडी नजरेच्या मागे जाते, त्यामुळे कठड्याकडे किंवा समोरच्या ट्रककडे टक लावून पाहणारा माणूस तिकडेच ओढला जातो. आपली मार्गिका सोडून वळणाचा आतला भाग कापू नये, कारण उतरणारे जड वाहन वळणावर बाहेर फेकले जाते आणि आपल्याच बाजूला येते. परतीच्या दिवशी उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय अत्यंत घातक आहे: इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक घाटाच्या तळाशी, नेमक्या गरजेच्या वेळी, साथ सोडतात. चढताना ज्या गिअरची गरज पडली त्याच गिअरमध्ये उतरावे.

लोणावळ्यात पहिला थांबा घ्यावा. तोवर सुमारे दोन तास झालेले असतात आणि पोहे, इडली किंवा उपमा असा हलका नाश्ता करून नऊच्या आत पुण्याचे बाह्यवळण गाठता येते. वाकड, चांदणी चौक, वारजे ते नवले पूल हा पट्टा या संपूर्ण प्रवासातला सर्वांत थकवणारा आहे असे माझे मत आहे, कारण येथे महामार्गाची वाहतूक आणि शहराची वाहतूक एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या वेगाने चालते, सेवारस्त्यावरून दुचाकी व रिक्षा मध्येच आत येतात आणि कोण कुठे वळेल याचा भरवसा नसतो. येथे वेग ५० च्या आसपास ठेवून मधल्या मार्गिकेतून शांतपणे पुढे जावे. परतताना नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या तीव्र उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात वारंवार झाले आहेत, म्हणून त्या उतारावर जड वाहनाच्या पुढे रेंगाळू नये आणि आरशावर सतत लक्ष ठेवावे.

खेड शिवापूरचा नाका ओलांडल्यावर रस्ता मोकळा होतो आणि वेग वाढवण्याचा मोह होतो. चौपदरी महामार्गावर मोटरसायकलसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि ती पाळण्यामागे दंडाच्या भीतीपेक्षा मोठे कारण आहे. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद आणि ब्रेक लागल्यावर कापले जाणारे अंतर धरले तर कोरड्या रस्त्यावरही थांबायला ६० मीटरच्या आसपास लागतात. १०० च्या वेगाला हेच अंतर ९० मीटरच्या घरात जाते. या मार्गावर खऱ्या अर्थाने मोकळा रस्ता फार तर २०० किलोमीटर मिळतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेल्यास वाचतो तो अर्धा तास. तेवढा वेळ चहाच्या टपरीवर सहज जातो, आणि त्यासाठी थांबण्याचे अंतर दीडपट करून घेणे मला कधीही पटलेले नाही.

पुढच्या वाहनापासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ असे म्हणावे आणि त्याआधी आपण खांबापाशी पोहोचलो तर मागे सरकावे. पावसात हे अंतर दुप्पट करावे. ट्रकच्या अगदी मागे राहिल्याने दुहेरी नुकसान होते, कारण चालकाला आपण दिसत नाही आणि ट्रकच्या दोन चाकांमधून निघणारा खड्डा आपल्याला दिसत नाही. ट्रकचा आरसा आपल्याला दिसत असेल तरच चालकाला आपण दिसू शकतो. ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ ‘पुढे जा’ असाही असतो आणि ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असाही, म्हणून तो संमती समजू नये. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसेपर्यंत थांबावे, डिपर आणि हॉर्न द्यावा आणि मग ट्रकच्या बाजूला न रेंगाळता पुढे निघावे. ट्रकच्या आडोशातून पुढे बाहेर पडताना वाऱ्याचा झोत बाजूने आदळतो, त्या क्षणी हँडल घट्ट आवळण्याऐवजी गुडघ्यांनी टाकी धरावी आणि हात सैल ठेवावेत.

नीरा नदी ओलांडली की साताऱ्याचा जिल्हा आणि पाठोपाठ खंबाटकीचा घाट येतो. चढावर भरलेले ट्रक पावलापावलाने सरकतात आणि तापलेले ट्रक मार्गिकेतच उभे राहतात, त्यामुळे वळणापलीकडे उभे वाहन आहे असे गृहीत धरूनच चढावे. साताऱ्यापर्यंत साडेअकरा वाजत असतील तर दिवस बरोबर चालला आहे. येथे पेट्रोल भरावे. टाकी १३ लिटरची आणि गाडी लिटरला ३५ किलोमीटर देणारी असली तर कागदावर ४५० किलोमीटरचा पल्ला मिळतो, तरीही अर्ध्यावर टाकी आली की भरण्याचा नियम ठेवावा. त्या निमित्ताने माणूस खाली उतरतो, चालतो आणि पाणी पितो.

साताऱ्याच्या पुढे उंब्रज, कराड, पेठ नाका, किणी असा रस्ता जातो आणि येथे हंगाम पाहून सावध व्हावे लागते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, आणि त्या काळात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर महामार्गावर असतात. त्यांचा वेग ताशी वीस-पंचवीस असतो, मागे दिवे किंवा परावर्तक नसतात आणि उसाचे वाढे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले असतात. रस्त्यावर पडून चाकांखाली चिरडलेला ऊस ओल्या साबणासारखा निसरडा असतो, त्यावर ब्रेक न लावता व गाडी न वाकवता सरळ जावे. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामांमुळे या पट्ट्यात वळणरस्ते लागतात. कच्ची खडी, अचानक आलेली उंच कड आणि दोन्ही दिशांची एकाच बाजूला वळवलेली वाहतूक यांची अपेक्षा ठेवावी. अंधार पडल्यावर हा पट्टा ओलांडू नये, या एका कारणासाठीही पहाटेचे निघणे सार्थ ठरते.

दुपारच्या जेवणात भरपेट थाळी घेऊ नये, कारण दोन ते चारच्या दरम्यान तशीही झोप येते आणि जड जेवण तिला बोलावून आणते. भाकरी-पिठले, दही-भात, ताक किंवा फळे एवढ्यावर थांबावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर थांब्यावर पाणी प्यावे आणि उन्हाळ्यात त्यात ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू घालावे. लघवीचा रंग गडद झाला असेल तर पाणी कमी पडले आहे असे समजावे. दर तास-दीड तासाने दहा मिनिटे उतरून चालावे. थकवा स्वतःला सांगून येत नाही, तो चालवण्यातून दिसतो: गिअर चुकतो, आरसा पाहणे राहून जाते, गतिरोधक उशिरा दिसतो, मागचे दोन किलोमीटर आठवत नाहीत. यांपैकी एक जरी लक्षात आले तरी पुढच्या पंपावर गाडी लावून सावलीत वीस मिनिटे आडवे व्हावे. चहा हा झोपेला पर्याय नाही. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतरही डोळे मिटत असतील तर कराडला मुक्काम करावा. कोल्हापूर दुसऱ्या दिवशी सकाळी दीड तासावर आहे.

पावसाळ्यात हाच प्रवास वेगळा होतो. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येऊन थर तयार होतो, म्हणून पाऊस सुरू होताच पंधरा-वीस मिनिटे थांबणे शहाणपणाचे असते. पांढरे पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे आणि पेव्हर ब्लॉक ओले असताना त्यांवर ब्रेक लावू नये. बोरघाटात धुके आणि दरडींची शक्यता असते. मोठ्या पुरात महामार्गच बंद होतो: २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ रस्त्यावर आल्याने कोल्हापूरची वाहतूक थांबली होती. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी धरणांतील विसर्ग आणि नदीची पातळी यांच्या बातम्या पाहाव्यात.

लायसन्स, नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असले तरी चालते, पण फोन बंद पडू शकतो, म्हणून प्रतीही जवळ असावी. रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी. ११२ हा आपत्कालीन, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या व्यक्तीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या अपघातात थांबायला घाबरू नये. मात्र आधी आपली गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावावी आणि जखमीचे हेल्मेट, श्वास अडत नसेल तर, स्वतः ओढून काढू नये, कारण मानेला इजा असू शकते.

कोल्हापूरला पोहोचल्यावर घरी कळवावे आणि अंघोळीला जाण्याआधी गाडीसाठी पाच मिनिटे काढावीत. चेन गरम असतानाच तिला वंगण द्यावे, म्हणजे ते कड्यांच्या आत शिरते आणि रात्रभरात मुरते. सकाळी निघताना दिलेले वंगण पहिल्याच किलोमीटरला उडून मागच्या रिमवर व टायरवर येते. दोन्ही टायरवर बोट फिरवून खिळा किंवा काच अडकली आहे का ते पाहावे, हेल्मेटच्या काचेवरचे किडे ओल्या फडक्याने भिजवून पुसावेत, आणि परतीला निघण्यापूर्वी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, हवा पुन्हा मोजावी.